रुपरावचा वरचा दात

धोटा उडाला तो थेट रुपराव हेडाऊच्या तोंडावर.

झटक्याच्या हातमागावर असं कधीमधी व्हायचं. दोरीला हिसका दिला की लाकडी धोटा सुतामधून इकडून तिकडे पळतो, पण एखादा तुटका धागा वाटेत लोंबत असला की तो वाट सोडून बाहेर झेप घेतो. नागपुरात गोळीबार चौकाच्या आसपास कोष्ट्यांच्या घरांत कपाळावर किंवा गालावर धोट्याची खूण असलेली माणसं शोधावी लागत नसत. रुपरावला तो वरच्या ओठावर बसला. ओठ फाटला, रक्त आलं, वच्छलाबाईने हळद दाबून धरली. समोरचा एक दात हलत होता, तोही पुढे आपोआप घट्ट झाला. माग पुन्हा खटखट करू लागला आणि घरातले सगळे ती गोष्ट विसरून गेले.

रुपराव मूळचा उमरेडचा. बाप विणकर, आजा विणकर. लग्नानंतर तो नागपुरात आला आणि रेशमी किनारीची लुगडी विणू लागला. हात चांगला होता, पण जीव दुसरीकडे होता. एकदा काही कामाने तो कामठीला गेला असताना छावणीच्या मैदानावर पलटणीचा बँड वाजत होता. त्यात एक काळं, लांब, चांदीसारख्या चाव्यांचं वाद्य होतं. रुपराव कुंपणाशी उभा राहिला तो बँड आत जाईपर्यंत हललाच नाही. ज्या कामाला गेला होता ते राहूनच गेलं. घरी येऊन वच्छलाबाईला म्हणाला, "ते वाजते तवा रडते बी अन् हासते बी. मले ते पाहिजे."

"भूक लागली का तुमाले?" वच्छलाबाईने विचारलं. तिला वाटलं, ऊन लागलं असेल.

त्या वाद्याला क्लॅरिओनेट म्हणतात, हे त्याला भैयाजींनी सांगितलं. भैयाजी त्याच पलटणीच्या बँडमधून निवृत्त झालेले. इतवारीत त्यांनी स्वतःची बँड पार्टी उभी केली होती. छावणीच्या लिलावातलं एक जुनं क्लॅरिओनेट त्यांनी रुपरावला मिळवून दिलं आणि शिकवलंही. मग दिवसा खड्ड्यात पाय सोडून माग आणि संध्याकाळी फुंकणं, असा त्याचा संसार सुरू झाला. वच्छलाबाई शेजारणींना सांगायची, "मले दोन सवती हायेत वं. एक खड्ड्यात बसवते, दुसरी तोंडाले लागते." पण लग्नाच्या वरातीत रुपराव लाल कोट घालून सगळ्यांच्या पुढे चालायचा, तेव्हा ओट्यावर उभं राहून पदर सावरत सगळ्यांत आधी हसायची ती हीच.

क्लॅरिओनेट नुसतं ओठांवर वाजत नाही. खालचा ओठ वाद्याच्या तोंडाशी असलेल्या वेताच्या पत्तीखाली मुडपून घ्यावा लागतो आणि वरचे समोरचे दोन दात वाद्यावर टेकवावे लागतात. वाद्याचा भार त्या दोन दातांवर, सुराची पकडही तिथंच. आणि धोटा लागला होता तो त्याच दोन दातांपैकी एकाला.

दात हळूहळू राखेसारखा काळपट झाला. दुखत नव्हता, म्हणून रुपरावने लक्ष दिलं नाही. महायुद्ध संपलं त्या साली, दिवाळी उलटली आणि एका सकाळी तो उठला तो वरचा ओठ नाकाला भिडलेला. दाताच्या मुळाशी ठणका असा की डोळ्यातून पाणी यावं. क्लॅरिओनेट तोंडाला लावलं आणि तो ओरडलाच.

घरात गर्दी झाली. कुणी लवंगेचं तेल आणलं, कुणी तुरटीच्या गुळण्या सांगितल्या. शेवटी सगळ्यांचं एकमत झालं की बाजारातल्या पक्कडवाल्याकडे जाऊन दात उपटून टाकावा. त्या काळी दाताच्या दुखण्यावर दुसरा इलाज कुणाला ठाऊकच नव्हता.

"दात गेला तर माहं वाजवणं गेलं," रुपराव म्हणाला. सुजलेल्या ओठातून शब्द फुटत नव्हते, तरी तो तेवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

भैयाजी धावत आले. युद्धापायी अडून राहिलेली लग्नं तुळशीचं लग्न लागताच धडाधड निघणार होती, आणि त्यांचा पुढचा वाजवणारा असा पडून होता. ते म्हणाले, "रुपराव, सीताबर्डीवर एक नवा दाताचा डॉक्टर बसला हाये गा. कलकत्त्याहून शिकून आला. जाय तर खरं, विचारून पाह्य."

डॉक्टर वामनराव तिशीचे होते. फिरती खुर्ची, शिलाई मशिनीसारखं पायानं चालवायचं ड्रिल, काचेच्या कपाटात चकाकणारी हत्यारं, सगळी तयारी होती. दुःख एकच होतं. दवाखान्यात येणारा प्रत्येक माणूस दार ओलांडतानाच म्हणायचा, "काढून टाका." वामनराव दात काढून काढून कंटाळले होते. कलकत्त्यात ते दात वाचवण्याची विद्याही शिकले होते, आणि अलीकडे एका परदेशी मासिकात तिच्यातली नवी रीत वाचून त्यांचं डोकं भणभणत होतं. पण ती करून बघायला दात कुणी देईना.

"काढायचा ना?" रुपरावचा ओठ वर करून त्यांनी सवयीने विचारलं.

"नाई जी. काढाचा नाई. वाचवाचा हाये."

वामनरावांच्या हातातला आरसा तसाच राहिला. "काय म्हणालात? पुन्हा एकदा म्हणा."

"वाचवाचा हाये, डॉक्टरसाहेब. दोन वर्सांआधी मागाचा धोटा लागला व्हता याले. मी क्लारनेट वाजवतो."

वामनराव स्टूल ओढून त्याच्या समोर बसले. त्यांचा चेहरा असा उजळला होता की रुपराव ठणका विसरून त्यांच्याकडे पाहत राहिला. "ऐका. दाताच्या मुळात आरपार एक बारीक नळी असते, सुईच्या नेढ्याएवढी. तिच्यात शीर असते. धोटा लागला तेव्हा ती शीर मेली आणि आता आत कुजते आहे. पण मूळ अजून हाडात पक्कं आहे. ती नळी आतून स्वच्छ धुतली आणि बंद केली, तर हा दात तुमच्याजवळ राहील."

"धुणार? दाताच्या आतून?"

"आतून. दोन औषधं आहेत. एकटी एकटी ती बरी आहेत, पण एकामागून एक घातली की फेस उसळतो आणि कोपऱ्यातली घाण स्वतःच उचलून वर आणतो. तार जिथं पोचत नाही तिथं फेस पोचतो." मग ते थोडे थांबले. "एक गोष्ट सांगायला हवी. काढलेल्या दातांवर मी हे पुष्कळदा केलं आहे. जिवंत माणसाच्या तोंडात अजून केलेलं नाही. तुमचा पहिला."

रुपरावने क्षणभर विचार केला. "मी बी पह्यल्यांदा वाजवलं ते कोणाच्या तरी लग्नातच वाजवलं जी. करा सुरू."

त्या दिवशी वामनरावांनी दाताला मागच्या बाजूने भोक पाडलं. मेलेल्या दाताला कळ कसली! पण भोक आत पोचताच पू बाहेर आला, त्याबरोबर अशी दुर्गंधी सुटली की दोघांनीही तोंड फिरवलं. आणि त्याच क्षणी ठणका गेला. दार उघडून कुणी निघून जावं तसा गेला. रुपरावच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं.

"दुखलं?"

"नाई जी. बंद झालं दुखणं!"

सूज उतरू दिली, मग खरं काम सुरू झालं. वामनरावांनी दाताभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवला, म्हणजे औषध तोंडात उतरू नये. केसासारख्या तारांनी नळी खरवडली. मग बोथट सुईची पिचकारी घेऊन सुईचं टोक नळीत अलगद, सैल ठेवलं. "जोर केला तर औषध मुळाच्या पलीकडे हाडात जाईल," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "हळू. थेंबाथेंबाने."

पहिलं औषध गेलं तसा रुपरावने नाक फुगवलं. पडद्यामुळे बोलता येत नव्हतं, पण तो डोळे मोठे करून हातवारे करू लागला. वामनरावांनी घाबरून पिचकारी काढली, पडदा सैल केला. "काय झालं?"

"हा तं ब्लीचिंगचा वास! आमच्याकडे सूत पांढरं कराले वापरतात ते!"

"त्याच घराण्यातलं आहे," वामनराव हसत सुटले. "क्लोरिनचा सोडा. पहिल्या महायुद्धात शिपायांच्या कुजलेल्या जखमा याच जातीच्या पाण्यानं धुतल्या. सडलेलं मांस ते विरघळवतं. आता दुसरं घालतो. हे तुम्ही कानात घातलं असेल, त्याचा फेस होतो."

पडदा पुन्हा ताणला गेला. दुसऱ्या पिचकारीतला पहिला थेंब नळीत उतरला आणि दात जिवंत झाल्यासारखा उसळला. भोकातून पांढरा फेस वर आला, त्याच्या मागोमाग करडे कण, मग काळपट तंतू. पुन्हा पहिलं औषध, पुन्हा दुसरं. दरवेळी फेस जास्त पांढरा येऊ लागला. वामनराव खुर्चीभोवती या बाजूने त्या बाजूला जात होते. त्यांनी रुपरावच्या हातात आरसा दिला. "बघा! बघा काय निघतंय!"

रुपरावने पाहिलं. आपल्याच दातातून दुधासारखा फेस उतू जातोय आणि त्यावर दोन वर्षांची घाण तरंगते आहे. पडद्याआडून त्याच्या घशातून आवाज आला, तो "अरे बापा!" होता हे वामनरावांना नीट कळलं.

दात कोरडा केला, वरून सिमेंट लावलं. रुपराव सीताबर्डीहून गोळीबार चौकापर्यंत जवळजवळ पळतच गेला. भेटेल त्याला ओठ वर करून दात दाखवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आत वच्छलाबाई पायरीवर उभी होती. मागे रुपराव, जबडा हातात धरून.

"काहून जी डॉक्टर?" तिने वामनरावांना दारातच गाठलं. "कालपर्यंत दुखणं गेलं व्हतं. तुमी धुतला अन् आता दात आतून फुटून राहिला म्हणतात हे! रातभर भिंतीले टेकून बसले. आता काढा, नाईतर मीच काढते!"

"बसा, रुपराव, आधी बसा," वामनराव म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. त्यांनी घाईघाईने ड्रिल चालवलं, सिमेंटला भोक पडलं आणि फिस्स असा आवाज झाला. इतका स्पष्ट की वच्छलाबाईनेही ऐकला. फेसाचा एक बुडबुडा वर आला, फुटला. रुपरावने मान मागे टाकली. "गेलं," तो म्हणाला. "गेलं दुखणं."

वामनराव ड्रिलवर पाय तसाच ठेवून उभे होते. मग त्यांनी टेबलावरच्या दोन बाटल्यांकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"शेवटी कोणतं घातलं मी? फेसाचं! ते आत थोडं शिल्लक राहिलं, मी झाकण लावलं, आणि ते रातभर आत वायू करत राहिलं. जायला वाट नाही. शेवट नेहमी सोड्यानं करायला हवा. सोडा त्या फेसाच्या औषधाला खाऊन संपवतो, मागे काही उरत नाही." ते वच्छलाबाईकडे वळले. "बाई, दातात दोष नव्हता. औषधातही नव्हता. क्रम मी चुकवला. तुम्ही म्हणाल तर काढतो. पण मला आणखी एकदा धुवू दिलंत तर हा दात वाचेल, हे मी आता जास्त खात्रीने सांगतो."

इतका शिकलेला माणूस आपली चूक आपल्या तोंडाने सांगतो आहे, हे वच्छलाबाईला अपेक्षित नव्हतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"धुवा जी," रुपराव म्हणाला. "फिस्स झालं तवाच मले समजलं का दात चांगला हाये. फुटका असता तं हवा आधीच निघाली असती."

"मी इथंच बसते," वच्छलाबाई म्हणाली, आणि स्टूल ओढून खुर्चीला खेटून बसली. दोन्ही पिचकाऱ्यांवर तिची नजर होती. शेवटी सोडा गेला, तेव्हा तिने स्वतः मान हलवली. वामनरावांनी कागदाच्या बारीक वातींनी नळी पुसून काढली. वात पांढरी निघाली, वास नाही, डाग नाही. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

या वेळी दात गप्प राहिला. नळी कायमची भरून टाकायचा दिवस ठरला, आणि नेमकी त्याच संध्याकाळी इतवारीतल्या एका धान्याच्या व्यापाऱ्याची वरात होती. रुपराव लाल कोट घालूनच दवाखान्यात आला, म्हणजे इथून थेट बँडमध्ये. शेवटच्या धुण्याच्या वेळी सोड्याचे चार थेंब कोटावर उडाले. बघता बघता लाल कापडावर पांढरे ठिपके उमटले.

"अरेरे!" वामनराव कोट पुसू लागले.

"राहू द्या जी. सुताचा धंदा हाये माहा. जो रंग गेला तो गेला." मग रुपराव हळूच म्हणाला, "आज वाजवू ना?"

वामनरावांनी नळीत लवचिक रबरासारखी कांडी भरली होती, वरून सिमेंट बसवलं होतं. हत्याराच्या दांड्याने त्यांनी दातावर टकटक केलं. रुपराव शांत. त्यांना म्हणायचं होतं, अजून थोडे दिवस थांबा. पण समोरच्या माणसाचे डोळे बघून त्यांना ते म्हणवेना. "मी बरोबर येतो," ते म्हणाले आणि त्यांनी दवाखान्याला कुलूप लावलं.

दिवेलागणीला वरात निघाली. डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेली माणसं दोन्ही बाजूंना, मध्ये घोड्यावर नवरदेव, पुढे भैयाजींचा बँड. भैयाजींनी रुपरावचा कोट पाहिला आणि "कोटावर हे चांदणं काय पाडून आला गा?" एवढंच म्हणाले, कारण रुपरावने तोवर वाद्य तोंडाला लावलं होतं. पहिला सूर आला तो थोडा कापरा होता. दुसरा सरळ आला. वामनराव बँडच्या कडेने चालत होते, टोपी सरकलेली, धोतराचा सोगा हातात. वऱ्हाडी त्यांना नवरीकडचे कुणी समजून पान देत होते. त्यांची नजर रुपरावच्या ओठांवरून हलत नव्हती.

इतवारीच्या चौकात समोरून दुसरी वरात आली. तिच्यापुढे कामठीचा बँड होता, मोठा, दोन क्लॅरिओनेटवाला. रस्ता एक, वराती दोन. कोण मागे सरणार? वऱ्हाडी थांबले, कठड्यांवर माणसं चढली, आणि कामठीच्या बँडने मांड रागातली एक धून अशी झोकात वाजवली की लोकांनी शिट्ट्या मारल्या.

भैयाजींनी रुपरावकडे पाहिलं. रुपरावने तीच धून उचलली. आधी हळू, मग ताशाच्या चालीवर नाचवत. कामठीवाल्यांनी ती आणखी वर नेली. रुपराव त्याच्याही वर गेला आणि तिथं वरच्या सुरावर थांबला. बाकीचा बँड गप्प झाला. ताशा थांबला. एकटा तो सूर चौकावर ताणून धरलेला. वाद्याचं तोंड आकाशाकडे, सगळा भार वरच्या दोन दातांवर. 'दात सुटेल, आता सुटेल,' असं वामनरावांच्या मनात चालू होतं. गल्लीच्या तोंडाशी बायकांच्या घोळक्यात वच्छलाबाईने पदराचं टोक मुठीत आवळलं होतं.

सूर काही केल्या संपेना. घोड्यावरचा नवरदेव मुंडावळ्या बाजूला करून पाहू लागला. कामठीच्या बँडमधला म्हातारा क्लॅरिओनेटवाला आधी हसला, मग त्याने आपलं वाद्य काखेत मारलं आणि दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवायला लागला. मग अख्खा चौक वाजू लागला. रुपरावने सूर सोडला तो थेट धुनेच्या मुखड्यावर उतरला, ताशा कडाडला, आणि दोन्ही बँड एकत्र वाजू लागले. कोणती वरात मागे सरली ते कुणाला आठवत नाही. दोन्हीकडचे वऱ्हाडी एकमेकांत मिसळून नाचत होते.

गर्दीतून वाट काढत वामनराव त्याच्यापर्यंत पोचले. "दात? दात कसा आहे?"

रुपराव घामाने चिंब झाला होता. त्याने गोंधळून त्यांच्याकडे पाहिलं. "कोणता दात जी?"

वामनरावांनी भर चौकात त्याला मिठी मारली.

त्यानंतर सीताबर्डीच्या त्या दवाखान्यात गोळीबार चौकाकडची माणसं येऊ लागली. विणकर, रंगारी, एक पहिलवान, रामटेकहून आलेला एक कीर्तनकार. दारातूनच सांगायचे, "काढाचा नाई, फेसाचं औषध घालाचं हाये." सगळेच दात वाचण्याजोगे नसत. काही मुळापासून गेलेले असत, तेव्हा वामनराव तसं स्पष्ट सांगत. पण जे वाचत, ते दाखवत लोक गावभर फिरत. रुपराव तर चार माणसं जमली की ओठ वर करून सगळी हकिगत पहिल्यापासून सांगायचा आणि फिस्सच्या जागी अजून जोरात फिस्स करायचा. त्याने पुढे पुष्कळ वर्षं वाजवलं. भैयाजी थकल्यावर बँड पार्टी त्यानेच सांभाळली, आणि लुगडी विणणंही सोडलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी दवाखान्यात वच्छलाबाई आली. या वेळी एकटी. खुर्चीत बसली आणि गाल बोटाने ओढून धरला.

"मागची दाढ. ठणकून राहिली."

वामनरावांनी आरसा आत घातला, वर केला, बाजूला केला. "बाई, समोरच्या दाताला एक मूळ असतं. या वरच्या दाढेला तीन असतात. तीन नळ्या, त्याही वाकड्या. मी अजून अशी दाढ केलेली नाही."

"मंग तीनदा धुवा," वच्छलाबाई म्हणाली. "पण शेवटी सोडा!"

वामनरावांनी बाह्या वर सारल्या आणि रबराचा पडदा उचलला.